हुकुमतपन्हा रामचंद्रपंत आणि १६८९ चें स्थित्यंतर

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विचार करितांना वाचकांची दृष्टि साहजिकच संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या पराक्रमाकडे वळते. परंतु छत्रपति गेले, राजधानी गेली, तरीहि माणसें एका निशाणाखालीं कशीं राहिलीं, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

फेब्रुवारी १६८९ च्या आरंभीं संभाजी महाराज संगमेश्वरीं मोंगलांच्या हातीं सांपडले. ११ मार्च रोजीं त्यांचा वध झाला. रायगडास इतिकादखानानें वेढा घातला. अशा वेळीं राजाराम महाराजांनीं गडाबाहेर पडावें, आपण बाल शाहूसह मागें राहूं, असा सल्ला येसूबाईंनीं दिल्याचें मल्हार रामराव चिटणिसांची बखर सांगते. ही बखर घटनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिली गेली. तींतील भाषणें शब्दशः खरीं मानण्याचें कारण नाहीं. तथापि कृतीची साक्ष निर्विवाद आहे. एप्रिलांत राजारामांनीं रायगड सोडला, नोव्हेंबरांत गड पडला, आणि येसूबाई व शाहू कैद झाले. येसूबाईंची सुटका १७१९ सालीं झाली. इतरांस जो मार्ग दाखविला त्याची सर्वांत जड किंमत त्यांनीं स्वतः भरली. सरदारांनीं ही व्यवस्था मानली, याचें एक कारण आम्ही येथेंच शोधतों.

दुसरें कारण कारभाराच्या मांडणींत आहे. राजाराम पन्हाळ्याहून जिंजीस गेले. तेथें प्रल्हाद निराजी प्रतिनिधि झाले, व महाराष्ट्राचा सर्व भार ‘हुकुमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंत अमात्यांवर आला. शंकराजी नारायण त्यांचे साहाय्यक होते. प्रत्येक हुकुमासाठीं जिंजीकडे पाहत बसणें शक्य नव्हतें. म्हणून निर्णयाचा अधिकारच खालीं उतरविला गेला. शिक्का छत्रपतींचा, निर्णय मात्र जागच्या माणसाचा, अशी ही योजना होती. जिंजी १६९८ च्या आरंभीं पडली. तोंवर मोंगलांचें बळ दोन मुलखांत विभागून राहिलें.

तिसरें कारण वादाचें आहे. शिवछत्रपतींचें धोरण रोख वेतनाचें, नव्या जहागिरी न देण्याचें होतें. राजारामांच्या काळीं तें मोडलें. बादशहा वतनें देऊन देशमुखांस फोडीत होता. रिकाम्या खजिन्याच्या राज्यापाशीं देण्यासारखें वतन, इनाम व सरंजाम एवढेंच होतें. १६९१ मध्यें हणमंतराव घोरपडे यांस दिलेल्या पत्रांत रायगडापासून दिल्लीपर्यंत टप्प्याटप्प्यानें मिळवावयाच्या मुलखावर बक्षीस लावून दिलें आहे. त्यावेळीं रायगडहि हातीं नव्हता! गेलेल्या राज्याचें दुःख मिळवावयाच्या राज्याच्या आशेंत बदलण्याचें हें कौशल्य होय.

या धोरणानें पुढें सरंजामी फूट वाढविली, असा आक्षेप घेतला जातो, व तो निराधार नाहीं. परंतु टीकाकारांनीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. १७१५-१६ च्या सुमारास झालेल्या ‘आज्ञापत्रा’चें कर्तृत्व परंपरेनें याच रामचंद्रपंतांकडे जातें, आणि त्या ग्रंथांत वतनदारांविषयीं कडक इशारा आहे. नवीं वतनें देणें हा राज्याचा क्षय, असा त्यांतील आशय. म्हणजे ज्यांच्या हुकुमतींत वतनें वांटलीं गेलीं, त्यांच्याच नांवावरील हा निषेध आहे. यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं. संकटांतील उपाय आणि स्थिर राज्याचा नियम यांतील भेद जाणणारी बुद्धि दिसते.

मात्र तो इशारा आला तेव्हां वतनें घराघरांत मुरलीं होतीं. दिलेलें परत घेण्याचें सामर्थ्य कोणापाशींच उरलें नव्हतें. सारांश, लोकांस स्थित्यंतराच्या पार नेण्यास स्वतःचा त्याग, अधिकाराची वांटणी आणि पुढची आशा हीं तीन साधनें या नेत्यांनीं वापरलीं व राज्य राखिलें. संकटासाठीं केलेली सवलत कोठें संपेल, ही मर्यादा सवलत देतांनाच लिहून ठेवणें हें चौथें साधन होतें. तें राहिलें, आणि त्याचें मोल पुढील पिढ्यांनीं दिलें.