शेंदूर, काच आणि कामगाराचा हात

बारामती म्हटले की वाङ्मयाच्या अभ्यासकांना मोरोपंत आठवतात. त्याच तालुक्यातील मोरगावचा मयूरेश्वर आपण शेंदराने माखलेला पाहतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. मातीच्या भांड्यांना झिलई देणाऱ्या कारागिरांनीही हे द्रव्य शतकानुशतके वापरले. शेंदूर, मुर्दाडशिंग, सफेदा ही शिशाच्या संयुगांची नावे मराठीत जुनीच आहेत. त्यांच्या विषारीपणाचा इतिहास मात्र आपण क्वचितच वाचतो.

कुंभाराच्या साध्या मडक्याला झिलई नसते. पाणी पाझरते, म्हणूनच ते गार राहते. लोणचे किंवा तेल साठवायचे तर छिद्रे बुजवावी लागतात. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून चढवलेली पातळ काच. नुसती गारगोटी वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शिसे मिसळले की हजार अंशांच्या आत काम भागते, वर चकाकीही येते.

या सोयीची किंमत कामगाराने मोजली. कच्च्या शिशाची भुकटी हाताला लागते, श्वासातून आत जाते, जठरातील आम्लात विरघळते; मग पोटशूळ उठतो, मनगट लुळे पडते. ब्रिटनमधील कुंभारकामाच्या कारखान्यांत हे इतके वाढले की रसायनज्ञ थॉर्प आणि वैद्य ऑलिव्हर यांना सरकारने चौकशीस नेमले. १८९९ च्या त्यांच्या अहवालाचा आग्रह असा, की शिसे टाळावे; टाळता येत नसेल, तर ते आधी वाळूबरोबर वितळवून काच करून घ्यावे. तप्त रस पाण्यात ओतला की त्याचे तुकडे होतात. ते दळले की फ्रिट तयार होते. त्याच्या एका प्रचलित प्रकारात सुमारे ६५ टक्के शिशाचे ऑक्साइड असते, पण काचेत बांधलेले. त्यामुळे ते आम्लात फार कमी विरघळते.

मात्र बांधलेले शिसे म्हणजे नाहीसे झालेले शिसे नव्हे. हिरव्या रंगासाठी तांबे मिसळले, की ते पुन्हा सुटू लागते आणि आंबट लोणच्यात उतरते. कामगाराला फ्रिटने दिलासा दिला. जेवणाऱ्याला त्याने तशी हमी दिली नाही.

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कळवण्यायोग्य रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचेच होते. कलेच्या इतिहासात आपण पात्राची चकाकी वर्णितो. ती चढवणाऱ्या हातांची नोंद मात्र आपल्याला कायद्याच्या परिशिष्टात शोधावी लागते.