ऑर्डर व्हॉट्सॲपवर, कागद काहीच नाही. पैसे अडकले तर कायदा काय सांगतो?

समजा, तुमचं मसाल्यांचं छोटं युनिट आहे. एका हॉटेलमालकानं व्हॉट्सॲपवर ५० किलो मसाल्याची ऑर्डर दिली, तुम्ही माल पोचवला. आता दोन महिने झाले, 'पुढच्या आठवड्यात बघू' एवढंच उत्तर मिळतंय. लेखी करार नाही, म्हणजे पैसे बुडाले का? नाही.

तोंडी करार चालतो का?

चालतो. माल विक्री कायदा, १९३० नुसार विक्रीचा करार लेखी, तोंडी किंवा दोघांच्या वागण्यातूनही होतो. करार मेसेजवर झाला, एवढ्याच कारणानं तो अवैध ठरत नाही. खरी अडचण पुराव्याची असते. त्यामुळे चॅट डिलीट करू नका आणि माल देताना चलनावर सही घ्या.

जे ठरलंच नाही, त्याचं काय?

तिथे कायद्याचे नियम लागू होतात. भाव ठरला नसेल तर वाजवी किंमत द्यावी लागते. माल नाकारल्याचं न कळवता ग्राहकानं तो वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला, तर त्यानं तो स्वीकारला असं मानलं जातं.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमई विकास कायदा, २००६ मदतीला येतो.

- लेखी मुदत ठरली नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत.
- लेखी ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत. करारात ९० दिवस लिहून घेतले, तरी ते चालत नाहीत.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज.

तक्रार कुठे करायची?

सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. प्रकरण राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातं. तिथला निवाडा विरोधात गेला आणि ग्राहकाला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

मात्र हे संरक्षण मध्यम उद्योगांना नाही. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही नाही. उद्यम नोंदणी पहिली ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा. वाद झाल्यावर केलेली नोंदणी कामी येईलच असं नाही.

पुढच्या ऑर्डरआधी काय लिहून घ्याल?

मालाचं वर्णन आणि दर्जा, भाव व जीएसटी, डिलिव्हरीची तारीख, वाटेत नुकसान झालं तर ते कुणाचं, तक्रारीची मुदत आणि पैसे देण्याची तारीख. एवढं एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याकडून 'मान्य' असं उत्तर घेतलं, तरी पुष्कळ भांडणं टळतात.

आणि फार थांबू नका. थकीत रकमेसाठी दिवाणी दावा करायला साधारणपणे ३ वर्षांचीच मुदत असते.