दिनविशेष : १० जानेवारी
१८९७ : डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगविरोधी लस मुंबईत स्वतःला टोचून घेतली. ओडेसात जन्मलेला हा जीवाणुशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ मध्ये भारतात आला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांना लोंबकळत वाढत. मग हे जंतू उष्णतेने मारत. मेलेल्या जंतूंशी ओळख झालेले शरीर जिवंत जंतूंशी लढायला तयार राहते, हे त्यामागचे तत्त्व. लस टोचून घेतल्यावर हाफकिनांना ताप आला, वेदना झाल्या. ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. याच साथीत पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच वर्षी १० मार्चला.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनांवर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले, हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय होता. मुंबईत परळला असलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.