मोझरीच्या अलीकडचा रेडिओ

चपला बाहेर काढा आणि घुसा आत. जागा मिळत नसते, करून घ्यायची असते. १९५६ची जानेवारी आहे, अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीच्या अलीकडचं एक गाव आणि सगळं गाव एका खोलीत. बाहेर दात वाजवणारी थंडी, आत मात्र घाम. शेजारच्या घोंगडीला गुरांचा वास आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया मागच्या भिंतीला टेकल्यात, कोणाच्या पदराला अजून पऱ्हाटीचा पाचोळा. कंदिलाची काजळी नाकात जाते. शिंकू नका, सगळे वळून बघतील.

कोनाड्यातला रेडिओ आधी तापतो, मग बोलतो. तोवर नुसती खरखर. एक पोरगा मास्तरानं कान पिळावा तसा बटण पिळतोय.

"हळू बे! नागपूर मांगं गेलं ना!"

सुई मागे येते आणि खंजिरी फुटते. छन्न! पाठीचा कणा ताठ होतो, तुमचाही. तुकडोजी महाराज लागले.

तुम्ही रॉक ऐकणारे, म्हणून आधीच सांगतो, इथं गिटार शोधू नका. हातात मावणारं लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, कडेला चकत्या. एवढ्या भांडवलावर यवलीचा हा माणूस गेल्याच वर्षी जपानच्या धर्मपरिषदेला जाऊन आलाय. तिकडे अमेरिकेत श्रेव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड'मधून शनिवारी रात्री एल्विस प्रेस्ली थेट रेडिओवर गातोय, आणि पोरींच्या किंकाळ्या गाण्यासकट घराघरांत पोचतायत. आपल्या डबड्यातून गर्दी येत नाही. ती खोलीनं पुरवायची.

पुरवते की! दुसऱ्या ओळीला टाळ्या, तिसरीला टाळ, चौथीला मागच्या भिंतीकडून बायांचा उंच सूर. जमिनीचं सारवण तळपायाखाली थरथरतं. पण गाव धृपदात रंगून जातं, आणि भानावर येतं तोवर महाराज पुढच्या कडव्यात पोचलेले. मग सगळ्यांची धावपळ, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. तुम्ही तर कुठेच नाही.

"तठी म्हाराज थांबते आपल्यासाठी," मोझरीला जाऊन आलेली म्हातारी कुरकुरते, "हे डबडं काई थांबत नाई."

पुढचं भजन व्यसनावर. तुमच्या डावीकडचा गडी पेटती बिडी गुपचूप चिमटीत विझवतो आणि कानामागे खोचतो. टाकून देत नाही, बरं का.

आवाज बारीक होत चाललाय. बॅटरी उतरली. खोली पुढे झुकते, तुमचा गाल कोणाच्या तरी खरबरीत दाढीला घासतो, आणि खंजिरी खरखरीत बुडून जाते.

"बॅटरीचे दोन-दोन आणे काढा रे!" टोपी फिरू लागते. "पाहुने, तुमी पन!"

खिशात हात घालताना जपून. तुमच्याकडच्या नाण्यांत एकही आणा नाही. आधी पोरं हसतील, मग कोणीतरी पोलीस पाटलाला हाक मारेल.