बैलाला उतार, माणसाला पायरी

दाराला लोखंडी बिजागरी नव्हती तेव्हा उंबरा लागायचाच. दाराच्या फळीला वर आणि खाली लाकडाचा जाड खुंट ठेवलेला असे. वरचा खुंट गणेशपट्टीमागच्या भोकात आणि खालचा उंबऱ्याच्या खाचेत फिरे. उंबरा काढला की दार पडलं. शिवाय पावसाचं पाणी आत येऊ नये, विंचूकिरडू अडावं, खळ्यावरून आणलेलं धान्य घरंगळून बाहेर जाऊ नये, अशी इतर कामंही तो करी. मग त्याच्याभोवती देवधर्म गुंफला गेला. नृसिंहाने हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर मारलं, नवी नवरी माप ओलांडून उंबऱ्याच्या आत येते, उंबऱ्यावर बसू नये, शिंकू नये. पुढे बिजागरी आली, दार चौकटीच्या बाजूला लटकलं आणि उंबऱ्याचं मूळ काम संपलं. उंबरा मात्र राहिला. आज संगमरवराची पट्टी लावून फ्लॅटच्या न्हाणीघरातही तो बसवतात.

मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शाळांतून इतिहास शिकवला. उजव्या पायाला लहानपणापासून पोलिओ, कॅलिपर आणि हातात काठी. त्यामुळे इमारतीची नक्षी मला नेहमी उशिरा दिसते. आधी दिसते ती पायरी. या मुलखातल्या घरांचा इतिहास मी पायऱ्यांवरून, उंबऱ्यांवरून आणि जोत्यांवरून वाचत आले. तो कोणत्या पाठ्यपुस्तकात नव्हता, म्हणून इथे लिहिते.

वाई-मेणवलीकडचे वाडे घ्या. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्या मागे कृष्णेचा घाट. अशा वाड्यांच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असते. रोजची ये-जा तिच्यातून. तिचा खालचा काठ उंच, वरचा काठ ठेंगणा. डोकं वाकवून, एक पाय उचलून, एकेकट्यानेच आत यावं लागतं. ही अडचण मुद्दाम केलेली होती. धावत आत शिरणारा माणूस तिथे क्षणभर तोल गमावतो आणि तेवढा क्षण देवडीवरच्या पहारेकऱ्याला पुरतो. माडीवर जाणारा जिनाही तसाच, भिंतीच्या जाडीत कोंबलेला, अंधारा, उंच पायऱ्यांचा, वरून झडप टाकून बंद होणारा. म्हणजे वाड्याची सगळी रचना शत्रूचा पाय अडावा म्हणून केलेली होती. शत्रू गेला, पेशवाई गेली. त्या दिंडीत आणि जिन्यात मग दीडदोनशे वर्षं घरातले म्हातारे, गरोदर बायका आणि माझ्यासारखी माणसं अडत राहिली. मोठा दरवाजा पालखीसाठी, वरातीसाठी उघडत असे. ज्याला चालता येत नव्हतं पण पालखी परवडत होती, तो सन्मानाने आत येई. बाकीच्यांना पाठुंगळी हाच मार्ग होता.

पूर्वेकडे खटाव-माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात घर वेगळं होतं. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, माणदेशात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. पाऊस कमी म्हणून छपरं धाब्याची, मातीची, सपाट. आणि मी पाहिलेल्या घरांची जोती बेताची, एखाद्या पायरीची. आमचं खटावातलं घर असंच होतं. सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर, सगळं एका पातळीवर. त्या घरात माझी आजी म्हातारपणी आंधळी झाली आणि तरी शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता वावरली. तिला उंबरा हवा होता! पाय उंबऱ्याला लागला की तिला कळे, आता मधलं घर सुरू झालं. सारवलेली जमीन संपून दगडी फरशी लागली की न्हाणी आली. मला जो उंबरा नडायचा तो तिला वाट दाखवायचा. सगळ्यांना चालेल असं घर बांधायचं म्हणजे सगळं गुळगुळीत आणि सपाट करायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आजीची गोष्ट सांगते. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 साली अंधांसाठी उंचवट्यांची फरशी तयार केली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली. आज आपल्या रेल्वे फलाटांवर पिवळी दिसते तीच ही. आजीचे तळवे हेच काम उंबऱ्याकडून करून घेत होते.

आता उताराबद्दल. व्हीलचेअरसाठी रॅम्प करा म्हटलं की अनेकांना ती परदेशी कल्पना वाटते. आमच्या मुलखात उतार बांधणारे हात पिढ्यान्पिढ्या होते, फक्त ते माणसासाठी बांधत नव्हते.

माझे आजोबा मोट हाकायचे. विहिरीच्या काठापासून मागे जमीन उतरती केलेली असे, तिला धाव म्हणतात. बैलजोडी नाडा ओढत धावेवरून खाली उतरे, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि बैल उलट्या पावलांनी धाव चढून पुन्हा काठाशी येत. दिवसभर हेच. धाव जास्त उभी झाली तर मागे येताना बैलाचे पाय घसरत, कमी झाली तर ओढताना बैलाच्या वजनाचा उपयोग होत नसे. पावसाळा संपला की आजोबा धावेची डागडुजी करत, मुरूम टाकून चोपत, खळगे बुजवत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "पोरी, मुक्या जनावराला सांगता येत न्हाय. आपुनच बघाय पायजे."

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी, आत खांबांचा महाल, शिल्पं. लोक शिल्पं पाहायला जातात. मला तिच्या जिन्याने दमवलं. माणसाला आत उतरायला दगडी पायऱ्या; वर बारा मोटा म्हणजे बारा बैलजोड्यांना ये-जा करण्याची सोय. एकाच विहिरीच्या रचनेत बैलाच्या पायाचा विचार निराळा आणि माणसाच्या पायाचा निराळा. नदीवरही तेच. गावोगावच्या घाटांवर माणसांना पायऱ्या आणि जरा बाजूला गुरं पाण्यावर न्यायला उतरती वाट. डोक्यावर धुण्याची बुट्टी घेतलेली बाई पायऱ्या उतरे आणि म्हैस उताराने जाई. बांधणाऱ्यांना कळत नव्हतं, असं म्हणायला मी तयार नाही. वाईचा ढोल्या गणपती 1762 सालचा. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. नदीचा जोर एवढा बारकाईने मोजणाऱ्यांना गुडघ्याचं दुखणं मोजता आलं असतं. कुणी मोजायला सांगितलं नाही.

कृष्णेच्या खोऱ्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तिथे पंप तयार होऊ लागले. इंजिनं आली, नंतर वीज आली, मोटा थांबल्या. धावा शेतात मिसळून गेल्या. त्यांच्याबरोबर उताराचं माप डोळ्याने ओळखणारी माणसंही संपली. मिस्त्री आता पायरीच बांधायला शिकतो.

पाय गमावलेली माणसं या मुलखात नवी नाहीत. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला लोक आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. मेलेल्यांची नावं दगडावर कोरली जातात. जखमी होऊन परतलेल्यांचं घर कसं असावं, हा प्रश्न कोरला जात नाही. 1917 साली मुंबईत अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली. तिथे हातांना काम मिळालं. गावच्या घराचं जोतं होतं तिथेच राहिलं.

मिरजेचंही असंच. डॉ. विल्यम वान्लेस यांनी तिथे 1894 साली इस्पितळ सुरू केलं. त्याआधी काही वर्षं रेल्वे आली होती. दूरदूरचे रोगी गाडीने, बैलगाडीत निजून येत. शस्त्रक्रियेने माणसं वाचली, माझ्यासारख्यांना कॅलिपर मिळाले. पण डॉक्टरांचा हात इस्पितळाच्या फाटकापर्यंतच पोचतो. पुढचा रस्ता, एसटीची पायरी, शाळेचा वरचा मजला, हे कुणाच्याच खात्यात नव्हतं. मी शिकले त्या शाळेत सातवीचा वर्ग माडीवर होता. वडील सकाळी वर सोडत, संध्याकाळी न्यायला येत. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून खेळ बघे.

अशा माणसांसाठी इमारत कशी असावी, हा प्रश्न आपल्या भागात मोठ्याने विचारला तो नसीमा हुरजूक यांनी. सतराव्या वर्षाच्या आसपास त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बाबूकाका दिवाण या स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या माणसाने त्यांना धीर दिला. 1984 साली कोल्हापुरात त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची' मराठीत खूप वाचलं गेलं. माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे वसतिगृह: मुलांनी आपापलं अंघोळीला जावं, आपापलं जेवायला बसावं, वर्गात जावं, अशी इमारत. मदतनीस शोधण्याआधी त्यांनी भिंती आणि दारं बदलली. त्याच सुमारास अमेरिकेत रॉन मेस नावाचा वास्तुविशारद हेच सांगत होता, की अपंगांसाठी वेगळी खोली काढू नका, सगळ्यांसाठी एकच इमारत नीट करा. तोही लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवर फिरणारा. मला यात नवल वाटत नाही. अडला त्यालाच अडण्याची जागा दाखवता येते.

अपंगांच्या हक्कांचे कायदे झाले. 1995 चा, मग 2016 चा. खेड्यात मात्र उतार पोचला तो शाळेच्या दारातून. सर्व शिक्षा अभियानात जिल्हा परिषदेच्या शाळांना रॅम्प बांधले गेले. त्याच शाळा मतदान केंद्रं असल्यामुळे निवडणुकीच्या आधी त्यांची तपासणीही होते. मला त्या पहिल्या रॅम्पांचा आनंद झाला होता, आजही आहे. पण बरेच रॅम्प इतके उभे की चाकाची खुर्ची वर जाईना. काहींच्या शेवटी एक पायरीच, आणि शौचालयाचं दार दोन फुटांचं. नियम स्पष्ट आहे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी, आणि दर नऊ मीटरच्या आत विसावा घ्यायला सपाट जागा. तो बारा फुटांचा हिशेब ठेकेदाराला वाया गेलेली जागा वाटतो.

आणि आता पूर. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती?" 1929 साली झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात; 45 फूट ही धोक्याची रेषा. 2005 साली ती ओलांडली, 2019 साली पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, 2021 मध्ये पुन्हा आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून धडधाकट माणसं बुडाली. ज्यांना बोटीत चढताच येत नाही त्यांनी त्या दिवसांत काय केलं, हे मी शेजारपाजारी पाहिलं आहे. खाटेसकट उचललेले आजोबा, न्यायला कुणी नाही म्हणून माडीवर तीन दिवस बसून राहिलेली बाई.

पुरानंतर शहराने आपला उपाय शोधला: जोती वर गेली. नव्या इमारतींत खाली पार्किंग, घरं वरती, लिफ्ट. आणि पुरात सगळ्यात आधी वीज जाते. त्यात रस्त्यांवर डांबराचे थर चढत राहतात, जुनं जोतं खड्ड्यात जातं, मालक ते आणखी उचलतो. हे सगळं समजण्यासारखं आहे. पाणी घरात शिरलेलं ज्याने पाहिलं तो जोतं उचलणारच. पण जोत्याबरोबर उतार उचलला नाही तर पुरापासून वाचवलेलं घर चालता न येणाऱ्या माणसाला बारा महिने बंद होतं.

माझं घर एका गुंठ्यावर आहे, तेहतीस फूट लांब, तेहतीस रुंद. 2019 नंतर जोतं तीन फूट वर घ्यायचं ठरलं. मिस्त्रींनी सहा इंचांच्या सहा पायऱ्या आखल्या. मी म्हटलं, "मिस्त्री, उतार करा." त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, "बाई, छत्तीस फूट लागतील. प्लॉटच तेहतीसचा हाय." बरोबर होतं. मग आम्ही कागदावर फाटकापासून पुढच्या कुंपणालगत सोळा फूट, कोपऱ्यात पाच फुटांचा सपाट चौक, तिथून वळून पश्चिमेच्या भिंतीलगत वीस फूट असं आखलं आणि घराचं दार त्या बाजूला नेलं. रुंदी चार फूट, दोन्हीकडे कठडा. उतार सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे टाकीचे घाव घातलेली खरबरीत कडप्पा बसवली, अंध माणसाच्या पायाला कळावी म्हणून. पाण्याच्या नळीने पातळी धरताना मिस्त्रींनी दर चार फुटांना चार इंच अशा खुणा केल्या आणि एकही चुकवली नाही.

आता आमच्या मागच्या गल्लीत लागून असलेल्या तीन घरांची जोती उचलायचं काम निघालं आहे. प्रत्येकाने वेगळा उतार केला तर कुणालाच जागा उरत नाही. तिघांच्या पुढच्या कुंपणालगत मिळून एकच उतार नेला तर नव्वदएक फूट लांबी मिळते आणि चढ आणखी सौम्य होतो. तसा नकाशा मी मिस्त्रींच्या मदतीने काढून दिला आहे. दोघे मालक तयार आहेत. तिसऱ्यांना त्या जागी मोटारसायकली लावायच्या आहेत. त्यांच्या घरात पंचाऐंशीच्या आई आहेत, म्हणून मी पुन्हा जाणार आहे.