अणीचा टोप : खरा कोणता, खोटा कोणता?

मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते मोफत वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत. तेव्हा जर्मन लष्करी टोपांविषयी या व्यासपीठावरून मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो. काही वर्षांमागे उत्तरेकडील एका गावी पितळकामाच्या कारागिरांना भेटण्यास गेलो होतो. तेथील एका शेडमध्ये फळीवर ओळीने काळे चामडी टोप मांडलेले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर पितळी अणी, कपाळावर पंख पसरलेला गरुड. नगावर मजुरी, माल परदेशी जातो, एवढेच कारागिरांना ठाऊक. एकाने मला विचारले, “भाईसाहब, हे डोक्यावर घालतो तरी कोण?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायी हा अभ्यास घडला.

या टोपाला जर्मन भाषेत पिकलहाउब म्हणतात. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८४२ साली तो आपल्या पायदळाला दिला. प्रशियाने १८६६ साली ऑस्ट्रियाचा आणि १८७०-७१ साली फ्रान्सचा पराभव केला तो हाच टोप घालून. साहजिकच इतर जर्मन राज्यांनीही तो उचलला. राज्य बदलले की कपाळावरचा बिल्ला बदले : प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे ढाल धरलेले दोन सिंह. १८९७ पासून उजव्या बाजूस साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी चकती आली. डावीकडे राज्याची स्वतःची. पितळ उन्हात चकाके व शत्रूला नेम मिळे, म्हणून १८९२ पासून त्यावर कापडी खोळ चढू लागली. पहिल्या महायुद्धात पितळेची आणि चामड्याची टंचाई झाली. मग १९१५ च्या नमुन्यात पितळेऐवजी करड्या पोलादाचे सामान व काढता येणारी अणी आली. काही टोप तर नमद्याचे व पत्र्याचे झाले. खंदकातल्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढे चामडे काय टिकणार? १९१६ साली पोलादी शिरस्त्राण आले आणि अणीचा टोप आघाडीवरून मागे पडला.

युद्ध संपल्यावर मात्र त्याची किंमत वाढली. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी कर्जरोखे खपविण्याच्या मोहिमेसाठी पार्क ॲव्हेन्यूवर जप्त जर्मन टोपांचा मनोराच रचला होता. त्यात १२,००० च्या आसपास टोप होते. अशा रीतीने कोठारातले न वापरलेले टोप अमेरिकेतल्या घरोघरी पोहोचले. हे ध्यानात ठेवा, कारण ‘टोप कोरा दिसतो म्हणजे खोटा’ हा नवशिक्या संग्राहकाचा निकाल येथेच फसतो.

मग ओळखावा कसा? प्रथम बिल्ला उलटा करून पाहावा. अस्सल बिल्ला पातळ पितळी पत्र्याचा, पोलादी ठशाखाली दाबून उठवलेला. पुढे पिसांच्या रेघा धारदार, मागे तोच गरुड खोलगट. ओतीव बिल्ला जड, पाठ सपाट, पिसे बोथट. पुण्याच्या तांबट आळीत वावरलेल्या माणसाला हा फरक बोटाने कळेल. त्याला ग्रंथ नको. नंतर बिल्ला बसवला कसा ते पाहावे. साध्या शिपायांच्या बिल्ल्यांना मागे कड्या असत व त्या आतून अडकवीत. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांना स्क्रू आणि नट. शिपायाच्या टोपावर अधिकाऱ्याचा झगझगीत बिल्ला दिसला, की चौकशी सुरू करावी.

सर्वांत बेरकी लबाडी मात्र अर्ध्या खऱ्याची. टोप अस्सल, बिल्लाही अस्सल, पण दोघांचा संबंध नाही. लहान राज्यांच्या पलटणींचे बिल्ले दुर्मीळ, म्हणून महाग. तेव्हा साधा प्रशियाचा गरुड काढून तेथे दुसरा बसवतात. चामडे साक्ष देते. जुनी भोके नव्या बिल्ल्याशी जुळत नाहीत, आणि वर्षानुवर्षे झाकलेल्या रोगणावर जुन्या गरुडाची सावली उरते.

आतले अस्तर चामड्याच्या जिभांचे, वर दोरीने आवळलेले. वापरलेल्या टोपात घाम कपाळाशी अधिक, इतरत्र कमी. चहाच्या पाण्याने काळवंडलेले अस्तर सगळीकडे सारखेच मळलेले असते. असा घाम कोणत्याच शिपायाला येत नाही! अतिनील दिव्याखाली धागा निळसर-पांढरा झळकला तर तो अलीकडचा असण्याचा संभव फार, कारण सुताला तशी झळाळी देणारी द्रव्ये या टोपांच्या काळात नव्हती. चकतीबाबत मात्र घाई करू नये. १८९७ पूर्वीच्या टोपावर साम्राज्याची चकती सापडते, ती पुढे सरकारी हुकमानेच चढवलेली असू शकते. उलट १९१० चा शिक्का असलेल्या टोपावर १९१५ च्या नमुन्याची करडी अणी दिसली, तर ती मागाहून आली हे उघड आहे. ती सैन्यानेच बदलली की दुकानदाराने, हे बाकीच्या खुणांवरून ठरवावे लागते.

आता त्या शेडमधल्या कारागिरांबद्दल. नक्कल करणे हा गुन्हा नव्हे. सिनेमावाल्यांना टोप लागतात, जुन्या लढायांचे देखावे करणाऱ्या हौशी मंडळींना लागतात, आणि नवा म्हणून विकलेला टोप ही चोख मजुरीची वस्तू आहे. पाप घडते ते पुढे, कोणी तो मातीत पुरून, घासून, आत पलटणीचा शिक्का मारून ‘आजोबांच्या पेटीतला’ म्हणून विकतो तेव्हा. तरी संग्राहकांच्या तोंडी शिवी येते ती ‘हिंदुस्थानी माल’ अशी. विकणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

पुढच्या खेपेस मी त्या कारागिराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मी म्हटले, आतल्या बाजूस चामड्यात खोल ठसा मारा, गावाचे नाव आणि साल. मग कोणी जुना म्हणून विकू शकणार नाही. तो हसला. म्हणाला, “ठसा मी आजच मारीन. पण ऑर्डरीच्या कागदावर लिहिलेलं असतं, आत काहीही खूण नको.” त्या टोपामागे त्याला किती मिळत होते हे मी विचारले तेव्हा त्याने आकडा सांगितला नाही, नुसती बोटे दाखवली आणि पुन्हा कामाला लागला.