पातीचा कांदा, बहुवर्षायू

(ॲलियम फिस्टुलोसम, कुल : ॲमारिलिडेसी). गड्डा न धरता वर्षानुवर्षे पात देणारी कांद्याची जाती. चीनमध्ये तिची लागवड प्राचीन काळापासून होते. रानात ती आढळत नाही. सायबेरिया व मंगोलियातील ॲलियम अल्टायकम ही तिची सर्वांत जवळची रानटी जाती. शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

पात नळीसारखी पोकळ व गोल असते. बुडखा किंचित जाडसर, एवढेच. बुडाशी फुटवे येत राहतात आणि दोन-तीन वर्षांत एका रोपाचे दाट बेट होते. महाराष्ट्रातील बाजारात मिळणारी जुडी सहसा नेहमीच्या कांद्याच्या (ॲलियम सेपा) कोवळ्या रोपांची असते. कोंब आलेला कांदा कुंडीत खोचला की पात मिळते खरी, पण ती गड्ड्यातल्या साठ्यावर. पुढे डेंगळा येतो आणि रोपाचा कारभार आटोपतो. त्याला बहुवर्षायू म्हणणे भाबडेपणाचे आहे. खऱ्या बहुवर्षायू कांद्याला डेंगळे आले तरी बाजूचे फुटवे बेट चालू ठेवतात.

परसबागेत बियांपेक्षा फुटवे लावणे सोयीचे. बी टाकायचेच तर ताजे घ्यावे, कारण कांदावर्गीय बियांची उगवणशक्ती लवकर घटते. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड सोपी जाते. वीस-पंचवीस सेंमी. खोल कुंडी, शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती आणि भरपूर ऊन पुरते. पात बुडापासून चार-पाच सेंमी. वर कापावी, वाढीचा कोंब तळाशी असल्याने ती पुन्हा फुटते. बेट दाटले की उपटून, फुटवे सुटे करून नव्याने लावावे. हे टाळले तर पात बारीक पडत जाते. या पिकाला थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याचे भय अधिक, म्हणून कोकणासारख्या पावसात कुंडी आडोशाला हलवावी. कोरड्या हवेत फुलकिडे पातीवर रुपेरी चट्टे पाडतात.

जपानमध्ये या जातीला ‘नेगी’ म्हणतात. क्योतोची कुजो नेगी हिरव्या पातीसाठी, तर गुन्मा प्रांतातील शिमोनिता नेगी जाड पांढऱ्या दांड्यासाठी नावाजलेली आहे. दांडा लांब व पांढरा व्हावा म्हणून रोप वाढेल तशी मातीची भर देतात. नेहमीच्या कांद्याशी झालेल्या तिच्या संकरातून ॲलियम प्रोलिफेरम निपजला. त्याच्या दांड्याच्या शेंड्यावर फुलांच्या जागी लहान गड्डे धरतात.